वेळेआधी निळं झालेलं पाणी

चहा आधी ओतून घ्या, कारण हे सांगायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही आणि तुमचा चहा गार होतो. माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्यात, नाही म्हणत नाही. पण भरल्या मांडवात, माईक चालू असताना, सगळ्या नातेवाइकांसमोर झालेली चूक ही एकच. आणि ती कशाची? एका दोनाची. दोन म्हणजे आकडा दोन. तेवढाच विसरला.

मी लातूरला केमिस्ट्री शिकवते, बारावीच्या पोरांना. लातुरात केमिस्ट्री शिकवणं काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तिथं रिक्षावालासुद्धा उतरताना विचारतो, "मॅडम, आवंदा पेपर कसा हाय म्हणं?" माझा आवडता धडा म्हणजे अभिक्रियेचा वेग. एखादी वस्तू किती झपाट्यानं संपून राहिली, दुसरी किती झपाट्यानं तयार होऊन राहिली, आणि त्या दोन्हींचं नातं समीकरणातल्या आकड्यांशी कसं लागतं. वर्गात मी घसा फोडून सांगते, "समीकरणातला गुणांक विसरलात की उत्तर गेलं." पोरं माझी नक्कल करतात, हेही मला माहीत आहे.

गाव माझं धर्माबाद. तिथं आमच्या वस्तीत विहाराला लागून एक अभ्यासिका आहे, वर पत्रे, आत पोरं. ती माझे मामा चालवतात. मामा पोस्टातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी अभ्यासिकेत जाऊन बसले, ते अजून तिथंच आहेत. त्यांना एकच खंत होती. आमच्या पोरांना कशात काय घातलं की कोणता रंग येतो हे सगळं तोंडपाठ, पण तो रंग एकानंही डोळ्यानं पाहिलेला नाही. मामांना एक प्रयोगशाळा हवी होती. मोठी नाही, एक खोली, चार टेबलं, एक नळ.

खोली शेजारीच होती, रिकामी. पण ती होती महालिंगप्पा अण्णांची. अण्णा मूळचे उदगीरकडचे, मिरचीचे मोठे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलण्यात मध्येच कानडीचा हेल. माणूस मनाचा मोठा, पण व्यापारी तो व्यापारी. मामांना म्हणाले, "तिथं पोरं नेमकं काय करणार, ते आधी दाखवा. मला पटलं तर खोली तुमची. न्हाई पटलं तर जावई गोदाम करायचं म्हणून राहिलाय."

मामांचा मला फोन आला.

"एक प्रयोग दाखव. अण्णाच्या काळजात घुसला पाहिजे."

"कसला दाखवू? फेस येणारा आहे, धूर निघणारा आहे…"

"धूर नगं. अण्णाला दमा हाय. अजून सांग."

"एक आहे मामा. दोन पाण्यासारखी द्रावणं एकत्र ओतायची आणि लांब उभं राहायचं. काहीच होत नाही. वाट बघायची. आणि मग कुणी हात न लावता, डोळ्यासमोर, सगळं भांडं एका झटक्यात रंगतं."

"कोणता रंग?"

"निळा."

मामा म्हणाले, "निळा व्हतो? मग दुसरं बोलूच नगं."

आता हा प्रयोग काय आहे तो जरा सांगते, घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. त्या भांड्यात आयोडीन तयार होत असतं, अगदी ठरलेल्या वेगानं, मिनिटाला इतकं म्हणजे इतकंच. आयोडीनला स्टार्च भेटला की गडद निळा रंग येतो. आणि स्टार्च तर भांड्यात आधीपासूनच असतो. मग लगेच निळं का होत नाही? कारण आपण त्यात थोडं हायपो घातलेलं असतं. हायपो म्हणजे फोटो धुवायला वापरायचे ते. ते आयोडीनला जन्मल्या जन्मल्या गिळून टाकतं. हायपो आहे तोवर पाणी स्वच्छ. ज्या क्षणी हायपो संपलं, त्या क्षणी निळं.

म्हणजे हायपो किती घालायचं हे बरोबर ठरवलं, तर रंग कधी बदलणार ती वेळ तुमच्या हातात. मी कॉलेजात असताना नांदेडला हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. सरांनी घड्याळ बघून "आता" म्हटलं आणि भांडं निळं झालं. ज्या वस्तू कुणी पाहिल्या नाहीत, त्या कधी संपणार हे कागदावर कळतं? त्या दिवशी मी केमिस्ट्री घ्यायचं ठरवलं.

मामांना मी एवढंच सांगितलं की वेळ ठरवता येते. तिथंच घोळ सुरू झाला.

"मग अण्णाचं भाषण संपलं की निळं व्हायला पायजे," मामा म्हणाले. "अण्णा उठला की दहा मिन्टं बोलतोच. दहाव्या मिन्टाला पोरं उलटे आकडे म्हणतील आन् निळं."

मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? दरवर्षी हेच शिकवते ना.

माझी मैत्रीण निलोफर आमच्याच कॉलेजात प्रयोगशाळा बघते. तिनं लातूरला छोटी चाचणी घेऊन आयोडीन तयार होण्याचा वेग काढून दिला, एकदम पक्का. हायपो किती घ्यायचं, एवढंच माझ्याकडं होतं. तो गुणाकार मी उभ्याउभ्या केला. मला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. मार्चचा शेवट, धर्माबादचं ऊन. उन्हात अभिक्रिया पळत सुटते. म्हणून थर्माकोलचा डबा, बाटल्या, थर्मामीटर, सगळं घेतलं. एक बाटली सांडली तर पंचाईत नको, म्हणून प्रत्येक बाटली दोन-दोन घेतली. नांदेडच्या स्टँडवर उतरून रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला आणि धर्माबादची गाडी पकडली.

गाडी निघाली आणि निलोफरचा फोन आला. खिडक्या खडखडून राहिलेल्या, मागं एक बाळ रडून राहिलेलं, कंडक्टर घंटी ओढून राहिलेला.

"हायपो डबल घेतलं ना गं?"

"घेतलं घेतलं. सगळंच डबल घेतलंय."

"सगळं? सगळं कशाला?"

"असू दे गं, सांडलं-बिंडलं तर," मी म्हणाले. पुढं ती काहीतरी बोलली, पण रेंज गेली. मला वाटलं, किती काळजी करते बिचारी माझ्या बाटल्यांची.

सकाळी अभ्यासिकेपुढचा मांडव भरला. मिरचीचा हंगाम, त्यामुळं अधूनमधून कुणीतरी शिंकत होतं. पहिल्या रांगेत आई, नवी साडी नेसून. तिनं शेजारच्या सगळ्या बायकांना आधीच सांगून ठेवलेलं, "आमची पोरगी आता पाणी निळं करणार हाय." स्टेजवर टेबल, टेबलावर परातीत गार पाणी, आणि त्यात काचेचं मोठं भांडं.

मामांनी माईक घेतला. "आमची भाची लातूरची नामवंत प्राध्यापक हाय," ते म्हणाले. नामवंत वगैरे मी नाही, पण अडवणार कोण? "खोली झाली की हीच येऊन पोरांना शिकवणार. आता बघा. हे पाणी बरोबर दहा मिन्टांनी निळं व्हणार. एक मिन्ट अलीकडं न्हाई, एक मिन्ट पलीकडं न्हाई. ह्याला म्हणतेत सायन्स."

मी द्रावणं एकत्र ओतली, घड्याळ सुरू केलं आणि बाजूला उभी राहिले. अण्णा उठले.

सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना नमस्कार केले. मग मिरचीवर बोलले. मग मामा आणि ते कसे एकाच गल्लीत वाढले त्यावर. मी निवांत होते, अजून अर्धा वेळ बाकी होता. मग अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"खरं सांगतो," ते म्हणाले, "माझ्या मनाचं अजून ठरलेलं न्हाई. जावई गोदाम म्हणतो, तुम्ही शाळा म्हणता. दोघंबी आपलेच. मी रात्रंदिन विचार करून राहिलो. आता ज्याची सगळी माया हाय, त्यानंच मला काय ते सांगावं."

आणि भांडं निळं झालं.

कसं सांगू तुम्हाला. पाण्यासारखं पारदर्शक भांडं, त्यातून पलीकडची खुर्ची दिसत होती. पुढच्या क्षणी खुर्ची नाही. नुसतं गडद निळं, काठापर्यंत. आधी फिकट, मग गडद असं काही नाही. कुणी आतून पडदा ओढावा तसं.

सगळ्यांचा श्वास एकदम आत गेलेला मला ऐकू आला. मग मागून कुणीतरी "जय भीम" म्हणून ओरडलं आणि निम्मा मांडव उभा राहिला. अण्णांनी वळून भांड्याकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि माईकमधून पुटपुटले, "नीळकंठा… शिवा शिवा…"

मी घड्याळाकडं बघितलं. पाच मिनिटं झाली होती.

पाच. ऊन? नाही, परातीतलं पाणी गारच होतं. मग? आणि तेव्हा, त्या कल्लोळात, निलोफरचा आवाज डोक्यात वाजला. हायपो डबल घेतलं ना गं? ती बाटल्यांचं बोलतच नव्हती. एका आयोडीनला गिळायला हायपोचे दोन लागतात. समीकरणात हायपोच्या आधी चांगला ठसठशीत दोन लिहिलेला असतो. मी जितकं आयोडीन तयार होणार, तितकंच हायपो घातलं होतं. ते दुप्पट वेगानं संपलं आणि निम्म्या वेळात संपलं.

मामा माझ्याजवळ सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी.

"मामा," मी हळूच म्हणाले, "हे चुकून झालं. दहा मिनिटांनी व्हायला पाहिजे होतं."

"गप."

"पण अण्णांना वाटतंय…"

"जे वाटतंय ते वाटू दे. खोली मिळून राहिली. तू तोंड उघडू नगं."

तुम्ही मला सांगा, काय करायला पाहिजे होतं मी? गप्प बसले असते तर खोली मिळत होती. पण कशाची खोली? ज्या प्रयोगशाळेचा पहिलाच प्रयोग चमत्कार म्हणून खपला, तिथं उद्या पोरांना काय सांगायचं? की पाणी का निळं होतं ते विचारू नका, हात जोडा? आणि बोलले असते तर मामांची इतक्या वर्षांची आस माझ्या तोंडानं गेली असती.

माझं काही ठरायच्या आत अण्णांनीच माईक माझ्यापुढं धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"बाई, हे मी बोललो म्हणून झालं ना?"

मामांनी खोकायला सुरुवात केली. आईनं पदराचा बोळा तोंडाला लावला.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही काहीच बोलला नसता तरी झालं असतं."

"मग मामा तर दहा मिन्टं म्हणला व्हता. आत्ताच का झालं?"

"माझं चुकलं म्हणून झालं."

मामा खाली बसले, खुर्ची कुठं आहे ते न बघता. सुदैवानं होती.

"काय चुकलं?" अण्णांनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

आता आयोडीन आणि हायपो यांचं लफडं भर मांडवात कसं सांगू? माझी नजर मांडवाच्या तोंडाशी गेली. तिथं सगळ्यांच्या चपलांचा ढीग पडला होता.

"अण्णा, समजा तुमच्याकडं लग्न आहे. मिनिटाला दहा पाहुणे येऊन राहिले. दारात चपला किती वेगानं साठतील?"

"मिन्टाला वीस."

"पाहुण्यांच्या दुप्पट वेगानं. का? तर एका पाहुण्यामागं दोन चपला. आता ह्या भांड्यात पाहुणे किती वेगानं येणार ते मला बरोबर माहीत होतं. पण चपला ठेवायला जागा किती लागणार, ते मी पाहुणे मोजून ठरवलं. जागा निम्म्यातच भरली."

अण्णांनी एकदा चपलांच्या ढिगाकडं पाहिलं. मग माईकमधून, अगदी शांतपणे, म्हणाले, "म्हंजे बाई, तुम्ही आम्हाला समद्यांना एका पायाचं धरलं."

मांडव फुटला. मी तर म्हणते, धर्माबादेत इतकं हसू कुणाच्याच वाट्याला आलं नसेल. हसून हसून माणसं शिंकायला लागली. आईसुद्धा हसत होती, पदराआड. मी मात्र उभी, हातात काचकांडी.

हसू ओसरलं तसे अण्णा म्हणाले, "मग दोन पायाचं धरून दाखवा."

आईशपथ, त्या दुप्पट घेतलेल्या बाटल्यांचे मी तेव्हा पाय धरले असते. भांडं धुतलं. दुसरा संच काढला. बाटलीत हायपो भरपूर होतं; ह्या वेळी ते दुप्पट घातलं, ओठ हलवत दोनदा मोजून. द्रावणं एकत्र ओतली. अण्णा भाषणाला गेले नाहीत. खुर्ची ओढून भांड्यासमोर बसले, नाक काचेपासून वीतभर.

दहा मिनिटं गप्प बसलेला मांडव मी गावात पहिल्यांदाच पाहिला. कुणी मोबाइलवर घड्याळ लावलेलं, कुणी नुसतं बघत. पाचवं मिनिट आलं. भांडं स्वच्छ. सहावं गेलं. सातवं. एक म्हातारी उठून पुढं आली आणि आईच्या पायाशी जमिनीवरच बसली. पाणी तसंच. आत काय चाललं असेल, ह्याचा मी इतक्या वर्षांत कधी असा विचार केला नव्हता. ह्या स्वच्छ पाण्यात, आत्ता, ह्या क्षणाला, मोजता येणार नाहीत इतके कण जन्माला येऊन राहिलेत आणि प्रत्येकाला दोघं जण गाठून राहिलेत. एकही चुकत नाही. एकानंही कधी "जाऊ दे, ह्याला एकच बस" असं केलं नाही. जो दोन मी फळ्यावर हजारदा लिहिला, तो तिथं खरोखर होता.

पोरांनी उलटे आकडे सुरू केले. पाच, चार, तीन, दोन, एक.

काही नाही झालं. मामांनी डोळे मिटले.

आणि मग, एक श्वास घ्यावा एवढ्या वेळानं, भांडं निळं झालं.

ह्या वेळी कुणी ओरडलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. देवळात दिवा लागल्यावर माणसं बघतात तशी नुसती बघत राहिली. ती म्हातारी हळूच म्हणाली, "अगं बाई, सांगून झालं."

अण्णांनी काचेला बोट लावून बघितलं. "कुणी हात लावला न्हाई," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आतले ते… मोजत व्हते?"

"मोजत नव्हते अण्णा. नुसते भेटत होते. एकाला दोन, एकाला दोन. दोनवाले संपले, तेव्हा निळं झालं."

"आन् कदीच चुकत न्हाईत?"

"ते नाही चुकत."

अण्णा उठले. माईक घेतला आणि म्हणाले, "मगाशी झालं ते मला देवाचं वाटलं. आत्ता झालं ते बी देवाचंच वाटून राहिलंय. पण मगाशी मी भ्यालो व्हतो. आत्ता भीती न्हाई वाटली. आत्ता वाटलं, हे पोरांनी बघितलं पायजे. जावयाला मी सांगतो. खोली दिली."

मामा खुर्चीतून उठायला गेले आणि परत बसले. मागची पोरं नाचायला लागली. माझे डोळे भरून आले. म्हटलं, बरं झालं खरं बोलले. बघा, खरं बोलण्यानं काय होतं ते. मनातल्या मनात मी महिन्यातल्या कोणत्या रविवारी येऊन काय शिकवायचं तेही ठरवून टाकलं.

"फकत एक अट हाय," अण्णा म्हणाले.

सगळे थांबले.

"ह्या बाई लई चांगल्या. खऱ्या बोलल्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात लई आदर हाय." त्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मीही जोडले. "पण पोरांच्या जिंदगीचा सवाल हाय. शिकवायला मास्तर दुसरा बघा."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता, निळ्या भांड्याला पडला नव्हता तेवढा. मी खाली बघितलं. पहिल्या रांगेत आई उभी होती, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती, आणि शेजारच्या बायकांनाही वाजवायला सांगत होती.